द्रविडी प्राणायाम : सरळ न बोलण्याच्या मराठी तऱ्हा

आडवळण

शाळेच्या व्याकरणात ‘पर्यायोक्ती’ नावाचा एक अलंकार होता. गोष्ट सरळ न सांगता फिरवून सांगायची. तुरुंगात आहे असं म्हणायचं नाही, सरकारी पाहुणचार घेतोय म्हणायचं. दोन मार्कांपुरता पाठ केला आणि सोडून दिला. पुढे लक्षात आलं की उपमा-उत्प्रेक्षा आपल्या तोंडी सणावारी येतात, हा अलंकार मात्र सकाळी उठल्यापासून चालू असतो.

घरातून निघताना ‘येतो’. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. डबीतलं कुंकू संपलं तरी ‘कुंकू वाढलं’. दिवा विझवत नाही, मालवतो किंवा शांत करतो. गणपती बुडवत नाही, पोचवतो. आणि माणूस तर मरतच नाही. त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी नाहीतर वैकुंठवासी होतो, ख्रिस्ती असला तर ख्रिस्तवासी, मुसलमान असला तर पैगंबरवासी.

ही थोडक्यातली तऱ्हा झाली. दुसरी लांबणीची. उसने पैसे मागायला आलेला गृहस्थ आधी पाऊसपाणी काढतो, मग मुलांच्या शाळा, मग तुमच्या गुडघ्याची चौकशी. चहा होतो. उठतो, दारात चप्पल घालतो आणि मग, ‘हां, एक राहिलंच.’ नमनाला घडाभर तेल.

मला विचाराल तर मला यातलं बहुतेक सगळं आवडतं. हल्ली ‘मी तोंडावर सांगतो’ हे लोक पदवीसारखं मिरवतात. समोरच्याच्या तोंडाचं काय होतं ते कोण बघतो?

तुमच्या भागातले, घरातले, धंद्यातले असे प्रयोग इथे लिहा. नुसती यादी नको. कोण कोणाला कधी म्हणतं तेही येऊ द्या.

सयाजीगंज

धागा आवडला. बडोद्याहून लिहितेय. ‘वाढवणे’ एकट्या मराठीचं नाही. इथला गुजराती दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, ‘वधावतो’. हिंदीतही ‘दुकान बढाना’, ‘दिया बढाना’ आहेच. काचेची बांगडी फुटली की शेजारीण म्हणते ‘नंदवाई’. आमच्या घरात दोन्ही भाषांची इतकी सरमिसळ आहे की बांगडी कधी वाढते, कधी नंदवते. फुटलेली अजून कोणी ऐकली नाही.

उर्दूतला नमुनाही देऊन ठेवते. साहेब आजारी असले तर ‘दुश्मनों की तबीयत नासाज है’. आजारपण परस्पर शत्रूच्या खात्यावर.

रानमांजर

सिंधुदुर्ग. आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’. पोराने चुकून घेतलंच तर म्हातारी माणसं गप्प होतात. आणि निघताना ‘जातंय’ म्हटलंस तर परत उंबऱ्याच्या आत बोलावून ‘येतंय म्हण’ असं वदवून घेतात.

पण आडवळण, याला अलंकार म्हणू नका. यात नटवणं काही नाही, निव्वळ भीती आहे. नाव घेतलं की तो येतो, म्हणून नाव घ्यायचं नाही. देवीच्या रोगाचं तसंच. रोगाला सरळ देवी करून टाकलं, आदरार्थी बहुवचन लावलं, ‘देवी आल्या’ म्हटलं, म्हणजे बाईसाहेब रागावणार नाहीत. टोचायला येणारा तो ‘देवी डॉक्टर’. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, रोग गेला, आणि आमच्या आजीच्या दंडावरचा व्रण मात्र शेवटपर्यंत ‘देवी काढल्याचा’ राहिला. तिला काय टोचलं होतं ते तिला नीट ठाऊक होतं. बोलायची रीत ती रीत.

मोघम

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे : ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.’

कोण सोडणार ते लिहिलेलं नाही. हवा आपली आपण सोडली जाते.

विभक्तिप्रत्यय

मोघम, तुमची पाटी हसण्यावारी नेण्यासारखी नाही, तिच्यात बरंच काही आहे. शाळेत मराठी शिकवते, म्हणून जरा लांबवते, माफ करा.

‘सोडली जाईल’ हा व्याकरणातला नवीन कर्मणी प्रयोग. त्याचा दुसरा भाऊ ‘-ण्यात येते’ : कळविण्यात येते, निर्णय घेण्यात आला, कारवाई करण्यात येईल. दोघांचं काम एकच, कर्त्याला वाक्याबाहेर बसवणं. बोलीत आपण हे प्रयोग जवळजवळ करतच नाही. ‘माझ्याकडून भात खाल्ला गेला’ असं कोणी म्हणालं तर वैद्याकडे न्यावं लागेल. पण हातात अधिकाराचा शिक्का आला, अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीचा का असेना, की माणूस लगेच ‘जाईल’ आणि ‘येईल’ मध्ये शिरतो.

कर्ता लपवायला बोलीत वेगळी सोय आहे, आणि ती लहान मुलांना उपजत येते. ‘मी कप फोडला’ असं कोणतं मूल म्हणतं? ‘कप फुटला.’ क्रियापद अकर्मक केलं की गुन्हेगार गायब. मोठेपणी ‘राहून गेलं’, ‘जमलं नाही’, ‘निघणं झालं नाही’. मराठीत या सोयी इतक्या आहेत की ‘मी केलं नाही’ हे वाक्य आठवडाभरात कितीदा ऐकलंत ते बघा.

आडवळणाची दुसरी जात मला याहून मोलाची वाटते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एक सावकारी पत्र आलं. त्यातला मजकूर इतिहासात गाजलेला आहे : दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. एवढ्या मोठ्या संहाराची बातमी एका ओळीत बसली आहे. पत्र कोणाच्याही हाती पडलं असतं तर त्याला सावकाराच्या तोट्याचा हिशेब दिसला असता. ज्याला समजायचं त्याला एका वाचनात सगळं समजलं.

म्हणून माझं म्हणणं, आडवळण आणि पाल्हाळ यांची मोट बांधू नका. ते पत्र आडवळणाचं आहे आणि त्यातला एक शब्द काढता येत नाही. ‘आपणास याद्वारे कळविण्यात येते की’ यातले सगळे शब्द काढले तरी कोणाचं काही अडत नाही.

निवृत्त_लिपिक

विभक्तिप्रत्यय ताई, सुरेख लिहिलंत. महसूल खात्यात आयुष्य गेलं, तेव्हा ‘-ण्यात येते’ची बाजू मांडायची जबाबदारी माझ्यावरच आली म्हणायची.

पहिली गोष्ट, ही भाषा कारकुनाने हौसेने घडवलेली नाही. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत करायचा ठरला, आणि साहेबी मसुदे होते तसे मराठीत उतरवले गेले. ‘मला असे कळविण्याचे निदेश आहेत की’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या डोक्यात आपणहून येणार नाही. ते लंडनहून मुंबईमार्गे आलं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. कचेरीत दोन भाषा चालतात. एक बाहेर जाणाऱ्या पत्राची, ती तुम्हाला माहीत आहे. दुसरी नस्तीतल्या टिपणीची, म्हणजे फायलीत आतल्या आत लिहिलेल्या शेऱ्यांची. ती वाचायला शिकण्यात नव्या लिपिकाची पहिली काही वर्षं जातात. साहेबांनी समासात ‘कृपया चर्चा करावी’ लिहिलं की समजायचं, प्रस्ताव पसंत नाही आणि ‘नाही’ हे कागदावर यायला नको. ‘तपासून फेरसादर करावे’ म्हणजे वेळ काढा. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ हा सगळ्यात धोक्याचा शेरा. काय करायचं ते तुम्ही ठरवा, अंगाशी आलं तर नियम पाळायला मी सांगितलंच होतं. आणि ‘दप्तरी दाखल’ म्हणजे प्रकरणाची तेरावी उरकली. अर्जदाराला मात्र बाहेरून ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असंच उत्तर जात राहतं.

लांबी कुठून येते तेही सांगतो. वरून खाली येणारा कागद आखूड असतो : ‘अहवाल सादर करा.’ खालून वर जाणारा लांब होत जातो : ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रकरणी…’ मधे जेवढे हुद्दे तेवढे शब्द. तलाठ्याने तहसीलदाराला लिहिलेला आणि जिल्हाधिकाऱ्याने तहसीलदाराला लिहिलेला कागद शेजारी शेजारी ठेवून बघा, सह्या झाकल्या तरी कोण कुठला ते ओळखता येईल.

मोघम

‘कृपया चर्चा करावी’ आता घरी वापरणार. नवीन सोफ्याच्या प्रस्तावावर.

सोनचाफा

मोघम, वापरा, आणि उत्तरादाखल ‘दप्तरी दाखल’ झालात की इथे कळवा.

पानिपतचं पत्र मीही वाचलंय. दर वेळी माझी नजर तिसऱ्या भागावर जाते. भाऊ आणि विश्वासराव मोती, सरदार मोहरा, आणि हजारोंनी मेलेले शिपाई, बुणगे, बायाबापड्या यांचं काय? खुर्दा. सुटे पैसे. त्यांची गणतीही नाही. सांकेतिक भाषा बनवतानासुद्धा कोणाला कोणतं नाणं द्यायचं हे पाचपोच न सोडता ठरलेलं होतं.

आडवळण, तुम्ही म्हणता मला हे सगळं आवडतं. पुरुषाला आवडायला हरकत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायकांनी काय काय केलं बघा. ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारी निघाली’, ‘आमचे हे’, ‘घरचे’, मुलाचं नाव पुढे करून ‘बंडूचे बाबा’. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली छापून आल्या. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. पुस्तकभर ‘स्वतः’ म्हणजे नवरा. सवय नसलेला वाचक पहिली काही पानं चाचपडतो. शिकलेली, भाषणं देणारी, सेवासदन चालवणारी बाई, आणि नाव घ्यायची सोय नाही. वर्षातून एकदा मंगळागौरीला नाहीतर डोहाळजेवणाला ते नाव घ्यायचं, तेही यमक जुळवून, सगळ्यांनी हसावं म्हणून. उखाणे मलाही आवडतात, चांगले येतातही. पण ते कशातून आले ते विसरायला नको.

लग्नाच्या बैठकीची भाषा घ्या. ‘आम्हाला काही नको. तुमच्या मुलीच्या हौसेने तुम्ही जे कराल ते.’ १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून हुंडा या शब्दाची जागा ‘हौस’, ‘मानपान’ आणि ‘दोन्हीकडची शोभा’ यांनी घेतली. आकडा कोणी बोलत नाही. तो बोलायचं काम मध्यस्थाचं, तेही गाडीत बसताना. कायद्यासमोर उभं राहायची वेळ आलीच तर मागितलं कोणी? कोणीच नाही. आम्ही तर काही नको म्हटलं होतं.

आणि वर्तमानपत्रातला ‘अतिप्रसंग’. बलात्काराला हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला वाचकांचा चहा कडू करायचा नव्हता. अति झालेला प्रसंग! जणू समारंभ जरा लांबला.

आडवळण

सोनचाफा, ‘अतिप्रसंग’ आणि ‘हौस’ यांवर वाद नाही. पण त्याच बैठकीतलं दुसरं वाक्य : ‘पत्रिका जुळत नाही.’ माझ्या चुलत बहिणीला बऱ्याच ठिकाणाहून हे उत्तर आलं. खरी कारणं आम्हाला अंदाजाने माहीत होती, रंग, उंची, वडिलांची नोकरी. ती कोणी तिच्या तोंडावर बोललं असतं तर? ग्रहांनी नकार दिला हे ती हसून सांगू शकत होती.

सोनचाफा

तिची ढाल झाली हे मान्य. पण ती ढाल आधी त्यांची होती. रंगावरून मुलगी नाकारली हे त्यांना स्वतःच्या तोंडाने एकदाही म्हणावं लागलं नाही. म्हणावं लागलं असतं तर दहातल्या दोघांना तरी लाज वाटली असती.

परगावचा

‘आमच्यात’ राहिला की लोकहो. मराठीतला सगळ्यात मोठं ओझं वाहणारा शब्द. ‘आमच्यात असं नसतं.’ ‘तुमच्यात हळदीला काय करतात?’ ‘आमच्यात’ म्हणजे आमच्या घरात नाही, गावात नाही. काय ते सगळ्यांना कळतं, म्हणून पुढचा शब्द गाळलेला.

पुण्यात खोली शोधताना याचं पूर्ण शास्त्र शिकलो. माझं आडनाव असं की त्यावरून काही ठरत नाही. मग घरमालकीणबाई ‘मूळचे कुठले?’ गाव सांगितलं. ‘हो का, तिथे कोणत्या आळीत?’ तेही सांगितलं. ‘कुलदैवत कोणतं हो तुमचं?’ आवाज अगदी मधाळ. शेवटी ‘खाणंपिणं कसं, म्हणजे सगळं चालतं का?’ त्यानंतर कळलं की खोली कालच कोणाला तरी बोलून ठेवली आहे. जात हा शब्द कोणीही उच्चारला नाही. तक्रार तरी कशाची करणार?

डॉ_सायंकाळ

तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. इथे रोग सरळ शब्दात क्वचित येतो.

बाई सांगते ‘अंगावरून जातंय’. पांढरं की लाल, ते पुढे आपण विचारायचं, तेही सासू बाहेर गेल्यावर. ‘बाहेरची आहे’ म्हणजे पाळी आणि ‘बाहेरचं आहे’ म्हणजे भूतबाधेचा संशय. या एका मात्रेच्या फरकात नवा डॉक्टर गडबडतो. ‘दिवस गेलेत’ ही आनंदाची बातमी आणि ‘दिवस वर गेलेत’ ही काळजीची. पुरुष दवाखाना मिटायच्या वेळी येतात, कंपाउंडर आवरायला आत गेला की हळूच ‘अशक्तपणा वाटतो’. हा अशक्तपणा पायांचा नसतो. रक्त तपासायला पाठवलं आणि टॉनिक लिहून दिलं तर तो माणूस पैसे देऊन निघून जातो आणि पुढे भोंदू वैद्याच्या तंबूत सापडतो.

म्हणून सोनचाफा, तुमचं पटतं तरी मी या भाषेची बाजू थोडी घेणार. ‘अंगावरून जातंय’ हे शब्द हाताशी नसते तर ती बाई आलीच नसती. नेमका शब्द तिच्यापाशी नाही असं नाही. तो माझ्यासमोर उच्चारायची सोय नाही, एवढंच. ती दारापर्यंत येते, पुढचं अंतर आपण चालायचं.

उलट दिशेने डॉक्टरांचं एक वाक्य आहे : ‘घरी न्या आता, सेवा करा.’ याचा अर्थ नातेवाइकांतल्या म्हाताऱ्यांना लगेच कळतो. शहरात शिकलेला मुलगा विचारतो, ‘म्हणजे किती दिवसांत बरे होतील?’ तिथे मी आडवळण सोडतो. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं नाही, त्याला एकट्याला बाजूला घेऊन.

जिरायती

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी बीड जिल्ह्यातला, तेव्हा आमच्या भागातला शब्द सांगतो. ‘दुष्काळसदृश.’

आधी एक जुनी गोष्ट. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्यात लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून दुष्काळासाठीचा इंग्रजी शब्द ‘फॅमिन’ काढून टाकायचा आणि तिथे ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, घालायचा. कारण असं दिलं की सरकारचं शेतीवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा ‘फॅमिन’ची वेळ येण्याला वावच उरलेला नाही. शब्द हटवण्यासाठी अख्खा कायदा! आडवळण, तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात पर्यायोक्तीचं हे उदाहरण घालायला हरकत नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत बहात्तर आलं. घरची मोठी माणसं त्या सालाविषयी बोलतात तेव्हा त्यांच्या भाषेत आडपडदा शिल्लक नसतो. खडी फोडली. सुकडी खाल्ली. मिलो खाल्ला. बैल खाटकाला दिला. पाझर तलावावर पोरगं झालं. एकेका वाक्यात दोन-तीन शब्द. (सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेलं तयार खाणं, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी.) आमच्याकडे कोणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. कायद्यात तो शब्द नव्हता, लोकांच्या तोंडातून काढायचा राहिला.

२०१८ ला पुन्हा तेच. ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. सोयाबीन वाळून गेलेलं, कापसाला बोंड नाही, आणि आम्ही टीव्हीवर ‘सदृश’ ऐकतोय. महिनाअखेरीला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मधल्या दिवसांत आमच्या गावात एक खेळ चालला होता. कोणी कोणाला काही विचारलं की उत्तरात ‘सदृश’ लावायचं. जेवलास का? जेवणसदृश काहीतरी झालं. पाहुणा आला का? पाहुणासदृश इसम आलाय.

इथे चर्चा आडवळण चांगलं की वाईट यावर चालली आहे. मी एवढंच बघतो की बोलणारा वर आहे की खाली. डॉक्टरांकडे आलेली बाई आडून बोलते कारण सरळ बोललं तर तिचं नुकसान. सरकार आडून बोलतं कारण सरळ बोललं तर त्याला काहीतरी द्यावं लागेल. दोन्हीला एकच अलंकार कसा म्हणायचा?

रानमांजर

जिरायती, _/\_ 

देवीला ‘देवी’ म्हटल्याने रोग थांबला नाही, हे आमच्या लोकांना माहीत होतं. मंत्रालयाला अजून वाटतंय की थांबतो.

वर्गपाचवी

जिरायतींच्या मापाने मोजायला अजून एक : मानधन. पगार म्हटलं की वेतनश्रेणी आली, भत्ता आला, रजा आली, निवृत्तिवेतन आलं. मानधन म्हटलं की फक्त मान. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण वेळ वर्ग सांभाळायचा, पण तीन वर्षं शिक्षक म्हणायचं नाही, ‘सेवक’. प्राथमिकला महिना ३००० रुपये. २०२३ मध्ये ते १६००० झाले, सेवक मात्र सेवकच राहिला. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, नावं बघा. ‘स्वयंसेविका’ म्हणजे तिने आपणहून केलं, आम्ही कामाला लावलंच नव्हतं. या बायका आंदोलनाला बसतात तेव्हा पहिली मागणी बहुतेक वेळा शब्दाची असते. आम्हाला कर्मचारी म्हणा.

निवृत्त_लिपिक

जिरायती भाऊ, ‘सदृश’च्या मागे काय चालतं ते थोडं सांगतो.

‘दुष्काळ’ या शब्दाला किंमत आहे, म्हणजे अक्षरशः रुपयात. तो जाहीर झाला की शासन निर्णयात सवलतींची यादी लागते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ, रोहयोच्या निकषात शिथिलता, लागेल तिथे टँकर, आणि पंपाची वीज तोडायची नाही. त्यामुळे शब्द उच्चारण्याआधी पाऊस किती, पेरणी किती, उपग्रहावरून पीक कसं दिसतंय, भूजल किती खाली, मग गावं निवडून प्रत्यक्ष पाहणी, अशा पायऱ्या आहेत. ‘सदृश’ ही मधल्या पायरीवर उभं राहायची जागा. २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, नंतर उरलेल्या तालुक्यांतल्या १०२१ महसूल मंडळांना, म्हणजे गावांच्या गटांना, ‘दुष्काळसदृश’ ठरवून सवलती दिल्या. तेव्हा सदृशला काहीच मिळत नाही असं नाही. पण पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला अमुक तालुका कोणत्या यादीत हे तोंडपाठ असतं, आणि शेतकऱ्याला नसतं. तुम्ही म्हणता तो वर-खालीचा फरक इथे आहे.

जिरायती

लिपिक काका, माहितीबद्दल आभार. मग एक विचारतो. गेल्या हंगामातल्या पीकनुकसानीचा आमच्या वाडीतल्या काही जणांचा अर्ज अडकलाय. तहसीलमधून लेखी उत्तर आलंय : ‘आपल्या प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ याचं मराठीत भाषांतर करून द्या.

निवृत्त_लिपिक

कोणाच्या तरी टेबलावर पडून आहे आणि ते टेबल कोणाचं ते सांगायचं नाही, हे भाषांतर.

आता उपाय. त्या पत्राला उत्तर म्हणून दुसरं विनंतीपत्र लिहू नका, तेही विचाराधीन होईल. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असं विचारू नका, त्याला पुन्हा ‘येत आहे’ असंच उत्तर मिळेल. मूळ अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक घाला आणि ‘सदर अर्जासंबंधीच्या नस्तीतील सर्व टिपण्यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात’ एवढी एकच मागणी करा. बाहेरच्या पत्रात कर्ता नसतो, पण आत टिपणीत प्रत्येक शेऱ्याखाली सही असते, हुद्दा असतो, तारीख असते. कागद कोणाकडे कधी आला, कधी पुढे गेला, ‘चर्चा करावी’ कोणी लिहिलं, सगळं त्यात. तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

आवक क्रमांक नसेल तर आधी आवक-जावक टेबलावर जाऊन अर्जाच्या तुमच्याकडच्या प्रतीवरचा शिक्का दाखवा, नोंदवहीत सापडतो. वाडीतल्यांचे अर्ज वेगवेगळ्या तारखांचे असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज करा, एकत्र केला की परत पाठवायला निमित्त मिळतं.

जिरायती

शिक्का आहे, तारीख पुसट झालीय पण वाचता येते. सोमवारी बाजाराचा दिवस, सगळे तालुक्याला जातातच. स्टॅम्प घेऊन ठेवतो.